डेव्हिड लॉईड जॉर्ज

डेव्हिड लॉईड जॉर्ज (१७ जानेवारी १८६३ – २६ मार्च १९४५) हे ब्रिटनमधील उदारमतवादी पक्षाचे नेते, १९०८ ते १९१५ या काळातील अर्थमंत्री आणि १९१६ ते १९२२ या काळातील पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वातील पंतप्रधान म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येते. मात्र ब्रिटनमधील कामकरी माणसाच्या रोजच्या जगण्याला त्यांचा सर्वांत निकटचा स्पर्श झाला तो १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यामुळे. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीतून चालणारा आरोग्यविमा या कायद्याने सुरू झाला. विम्याची संस्था आणि उपचार करणारा डॉक्टर निवडण्याची मुभाही विमेदाराला मिळाली. या कायद्याचे मोठेपण आणि त्याचे अपुरेपण ही दोन्ही या निवडीच्या तत्त्वाशी जोडलेली आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात त्या भागाला अधिक जागा दिली आहे.

बालपण आणि वकिली

लॉईड जॉर्ज यांचा जन्म इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. पण ते वेल्श होते आणि वेल्श ही त्यांची घरची भाषा होती. इंग्रजी मातृभाषा नसलेले ते ब्रिटनचे आजवरचे एकमेव पंतप्रधान मानले जातात. वडील विल्यम जॉर्ज हे शाळामास्तर होते. डेव्हिड दीड वर्षाचा असतानाच, १८६४ मध्ये, न्यूमोनियाच्या दुखण्यात ते वारले. घरातला कमावता माणूस आजारी पडला की संसार कसा कोसळतो, याचा हा पहिला धडा त्यांच्या नकळत त्यांच्या आयुष्यात आला. आई एलिझाबेथ मुलांना घेऊन उत्तर वेल्समधील लॅनिस्टमडवी या खेड्यात आपल्या भावाच्या आश्रयाला गेली.

हा भाऊ, रिचर्ड लॉईड, गावचा चांभार होता आणि एका छोट्या बाप्तिस्मावादी पंथाचा विनावेतन धर्मोपदेशकही होता. जोड्यांच्या दुकानात तो वाचन करी आणि गावकऱ्यांशी राजकारणावर व धर्मावर वाद घाली. भाच्याला वकिलीच्या प्रवेशपरीक्षेसाठी फ्रेंच भाषा लागणार होती. मामाला ती येत नव्हती. त्याने शब्दकोश आणि व्याकरण पुढ्यात घेऊन ती भाच्याबरोबर शिकून घेतली. डेव्हिडने पुढे आपल्या नावात मामाचे आडनाव कायमचे जोडले, त्यामागील ऋण हे असे होते. भाचा पंतप्रधान झालेला पाहून रिचर्ड लॉईड १९१७ मध्ये वारले.

पोर्थमॅडॉग येथील एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून लॉईड जॉर्ज १८८४ मध्ये सॉलिसिटर झाले. १८८८ मध्ये मार्गारेट ओवेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी लॅनफ्रोथेन येथील दफनाच्या खटल्याने त्यांचे नाव वेल्सभर झाले. इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी संबंध नसलेल्या एका खाणकामगाराची इच्छा आपल्या मुलीशेजारी, गावच्या चर्चच्या आवारात, पुरले जावे अशी होती. तेथील धर्माधिकाऱ्याने हरकत घेतली. लॉईड जॉर्ज यांच्या सल्ल्यावरून नातेवाइकांनी फाटक उघडून दफन केले आणि पुढे वरच्या न्यायालयात खटला जिंकला.

संसदेत प्रवेश

एप्रिल १८९० मध्ये कार्नारव्हन मतदारसंघातील पोटनिवडणुकीत लॉईड जॉर्ज अवघ्या १८ मतांनी निवडून आले. ही जागा त्यांनी पुढे ५५ वर्षे राखली. सुरुवातीच्या काळात वेल्समधील चर्चची सरकारमान्यता रद्द करणे, शिक्षण आणि जमिनीचे प्रश्न हेच त्यांचे विषय होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाला त्यांनी उघड विरोध केला, तेव्हा देशभर युद्धज्वर होता. डिसेंबर १९०१ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरसभागृहात जमावाने त्यांच्या सभेवर हल्ला चढवला आणि पोलिसाच्या वेशात त्यांना तेथून निसटावे लागले.

१९०५ मध्ये उदारमतवादी पक्ष सत्तेवर आल्यावर ते व्यापार खात्याचे मंत्री झाले. नोव्हेंबर १९०७ मध्ये त्यांची लाडकी कन्या मेअर आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर वयाच्या सतराव्या वर्षी गेली. एप्रिल १९०८ मध्ये ॲस्क्विथ पंतप्रधान झाले आणि अर्थखाते लॉईड जॉर्ज यांच्याकडे आले. त्याच वर्षी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा कायदा संमत झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना १ जानेवारी १९०९ पासून पोस्टातून आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग मिळू लागले. हा पैसा पूर्णतः सरकारी तिजोरीतून येत होता. या पेन्शनलाच कित्येक वृद्ध लॉईड जॉर्ज म्हणू लागले.

पेन्शनचा बोजा आणि नौदलाचा वाढता खर्च भागवण्यासाठी त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध लोकांचे अंदाजपत्रक मांडले. जमीनदारांवर आणि मोठ्या उत्पन्नांवर त्यात नवे कर होते. उमरावांच्या सभागृहाने ते फेटाळले. १९१० मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि अखेर १९११ च्या संसद कायद्याने उमरावांचा अंदाजपत्रक अडवण्याचा अधिकार संपला. या झगड्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आरोग्यविम्याची पार्श्वभूमी

त्या काळी ब्रिटनमधील मजूर आजारी पडला की त्याची मजुरी त्याच दिवशी थांबे. बरे होईपर्यंत घर चालवण्याचे मार्ग थोडे होते. कुशल कारागीर परस्पर साहाय्य मंडळांचे सभासद असत. ऑडफेलोज आणि फॉरेस्टर्स ही त्यांतील मोठी मंडळे. आठवड्याची वर्गणी भरली की आजारपणात काही रक्कम आणि मंडळाच्या डॉक्टरकडून औषधपाणी मिळे. कामगार संघटनाही अशी मदत देत. परंतु ज्यांना नियमित काम नव्हते किंवा ज्यांची मिळकत तुटपुंजी होती, त्यांना वर्गणी झेपत नसे. काही महिने हप्ते चुकले की आधी भरलेले पैसेही वाया जात. त्यांच्यासाठी उरे तो गरीब कायद्याखालील दवाखाना. आणि तेथे जाणे म्हणजे भिकाऱ्याचा शिक्का कपाळी घेणे, असे लोक मानीत. विमा कंपन्यांचे वसुलीदार दर आठवड्याला घरोघर फिरून पेनीपेनी गोळा करीत, पण तो बहुतांशी मृत्यूनंतरच्या दफनखर्चाचा विमा असे. गरिबाच्या मरणाची तजवीज होती, आजारपणाची नव्हती.

जर्मनीत बिस्मार्क यांनी १८८३ मध्येच कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला होता. त्यात दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एक तृतीयांश मालकाची असे. ऑगस्ट १९०८ मध्ये लॉईड जॉर्ज स्वतः जर्मनीत जाऊन ही व्यवस्था पाहून आले. पुढे विल्यम ब्रेथवेट या तरुण अधिकाऱ्याला त्यांनी अधिक अभ्यासासाठी तिकडे पाठवले. जानेवारी १९११ मध्ये ब्रेथवेट परतताना थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे आले. लॉईड जॉर्ज तेव्हा तेथे विश्रांतीसाठी होते. समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर खुर्च्या मांडून मंत्रिमहाशय आणि त्यांचे सहकारी बसले आणि त्या अधिकाऱ्याने त्यांना जर्मन योजना समजावून सांगितली. एका मोठ्या सामाजिक कायद्याची आखणी अशा जागी व्हावी, याची इतिहासकारांना नेहमीच गंमत वाटत आली आहे.

राष्ट्रीय विमा कायदा, १९११

लॉईड जॉर्ज यांनी ४ मे १९११ रोजी विधेयक मांडले आणि १६ डिसेंबर १९११ रोजी त्याला राजाची संमती मिळाली. कायद्याचा पहिला भाग आरोग्यविम्याचा, दुसरा काही ठरावीक उद्योगांपुरत्या बेकारीविम्याचा होता. १५ जुलै १९१२ पासून वर्गणी सुरू झाली आणि जानेवारी १९१३ पासून लाभ मिळू लागले.

१६ ते ७० वर्षे वयाच्या सर्व अंगमेहनतीच्या कामगारांना, तसेच वर्षाला १६० पौंडांपर्यंत मिळकत असलेल्या इतर नोकरदारांना हा विमा सक्तीचा होता. सक्तीच्या कक्षेबाहेरील काही अल्प उत्पन्नाच्या लोकांना स्वेच्छेने नाव नोंदवता येई. त्या काळी १२ पेन्यांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होत असे, हे ध्यानात घेतल्यास पुढील हिशेब समजेल. पुरुष कामगार दर आठवड्याला ४ पेनी आणि स्त्री कामगार ३ पेनी देई. मालक ३ पेनी देई. सरकारचा वाटा २ पेन्यांच्या बरोबरीचा धरलेला होता. चार पेनी टाकून नऊ पेन्यांचे संरक्षण मिळते, हाच मुद्दा लॉईड जॉर्ज आपल्या सभांतून लोकांच्या गळी उतरवीत. प्रत्यक्षात सरकारी दोन पेनी दर आठवड्याला जमा होत नसत. लाभ देण्याची वेळ आली की पुरुषांच्या बाबतीत खर्चाचा दोन नवमांश आणि स्त्रियांच्या बाबतीत एक चतुर्थांश भाग तिजोरीतून दिला जाई. अगदी कमी मजुरी असलेल्या प्रौढ कामगारांचा वाटा कमी किंवा पूर्ण माफ केला होता आणि त्याची भरपाई मालक व सरकार करीत.

बदल्यात आजारी पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग आणि स्त्रीला साडेसात शिलिंग, असे जास्तीत जास्त २६ आठवडे मिळत. पहिले तीन दिवस त्यात धरले जात नसत. त्यानंतरही काम करणे अशक्य असेल तर आठवड्याला ५ शिलिंग अपंगत्वभत्ता होता. विमेदाराच्या पत्नीच्या बाळंतपणासाठी ३० शिलिंग, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामात उपचार, आणि विमेदाराला डॉक्टरची सेवा व औषधे विनामूल्य होती. विमेदारामागे वर्षाला एक पेनी वैद्यकीय संशोधनासाठी बाजूला काढण्याची तरतूद होती. तिच्यातून १९१३ मध्ये वैद्यकीय संशोधन समिती उभी राहिली आणि पुढे तीच ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद झाली.

नोंदणी आणि निवड

कायद्याने विमा सक्तीचा केला, पण सरकारने स्वतःचे विमा कार्यालय काढून सर्वांना त्यात घातले नाही. विमेदाराने मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक निवडून तिच्याकडे अर्ज करायचा होता. परस्पर साहाय्य मंडळे, कामगार संघटना आणि विमा कंपन्यांनी मुद्दाम काढलेले स्वतंत्र विभाग, अशा शेकडो संस्था या यादीत होत्या. विम्याच्या या भागावर त्यांना नफा काढता येत नसे. कामगाराचे कार्ड मालकाकडे असे. मालक पोस्टातून विम्याची तिकिटे विकत घेऊन दर आठवड्याला त्यावर चिकटवी आणि कामगाराचा वाटा मजुरीतून कापून घेई. कार्ड भरले की ते संस्थेकडे जाई. डॉक्टरची निवड निराळी होती. स्थानिक विमा समिती तयार असलेल्या डॉक्टरांची यादी ठेवी आणि तिच्यातून विमेदार आपला डॉक्टर निवडी. या यादीमुळे पॅनेल डॉक्टर हा शब्दप्रयोग रूढ झाला.

ही रचना लॉईड जॉर्ज यांना आदर्श वाटत होती म्हणून आली असे नव्हे. ती बरीचशी तडजोडीतून घडली. साहाय्य मंडळांचे लाखो सभासद मतदार होते. त्यांना डावलून कायदा होणे शक्य नव्हते. विमा कंपन्यांना तर आरंभी या योजनेत स्थानच नव्हते. त्यांच्या हजारो वसुलीदारांचा कामगारवस्त्यांतील घराघरांत वावर होता आणि संसद सदस्यांवर त्यांचा दाब होता. विधवा व अनाथांसाठी पेन्शनचा विचार लॉईड जॉर्ज यांनी आधी केला होता. आपला दफनविम्याचा धंदा बुडेल म्हणून कंपन्यांनी विरोध केला आणि ती कल्पना वगळावी लागली. त्यानंतर कंपन्यांनी योजनेत शिरकाव मिळवला आणि संस्थेचा कारभार सभासदांच्या हाती असावा ही मूळ अट त्यांच्यासाठी नावापुरती उरली. लोकशाही पद्धतीने चालणाऱ्या मंडळांच्या शेजारी प्रुडेन्शियलसारखी प्रचंड कंपनी येऊन बसली. दारावर ओळखीचा वसुलीदार येत असे, तोच नोंदणीचा कागदही पुढे करी. संस्था निवडणे बहुतेकांच्या बाबतीत इतकेच होते.

निवडीला दुसरी बाजूही होती. संस्थेलाही विमेदार नाकारता येत होता. केवळ वयाच्या कारणावरून तिला नकार देता येत नसे, पण प्रकृती खराब असल्यास देता येई. ज्यांना कोणीच घेतले नाही, त्यांची नोंद पोस्टातील ठेवीदार विमेदार म्हणून होई. त्यांचे लाभ त्यांच्या नावावर जमलेल्या रकमेपुरतेच असत. विम्याची ज्याला सर्वाधिक गरज तोच विम्याच्या खऱ्या आधाराबाहेर राहिला, हा दोष कायद्याच्या रचनेतच होता.

विरोध

कायद्याला विरोध चारी बाजूंनी झाला. समाजवाद्यांपैकी केर हार्डी व फिलिप स्नोडेन यांना गरिबाच्या मजुरीतून पैसे कापणेच अमान्य होते. हा खर्च श्रीमंतांवरील करातून व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. रॅम्से मॅकडोनाल्ड आणि मजूर पक्षातील बहुतेकांनी मात्र पाठिंबा दिला. वेब दांपत्याचा आक्षेप वेगळा होता: आजार झाल्यावर पैसे देण्यापेक्षा आजार टाळण्यावर खर्च व्हावा. या आक्षेपात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे.

सर्वांत चमत्कारिक विरोध सुखवस्तू घरांतून आला. घरकामाच्या मोलकरणींनाही विमा लागू असल्याने मालकिणीने दर आठवड्याला तिकीट चिकटवणे भाग होते. २९ नोव्हेंबर १९११ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मालकिणी आणि मोलकरणी यांची एकत्र निषेधसभा भरली. तिकिटे जिभेने ओली करणे हा इंग्लिश स्वातंत्र्याचा अपमान आहे, अशा थाटाची भाषा वृत्तपत्रांतून चालली.

डॉक्टरांचा विरोध अधिक गंभीर होता. साहाय्य मंडळांच्या तुटपुंज्या कराराला ते कंटाळले होते आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांची हुकमत त्यांना नको होती. स्वतः डॉक्टर असलेले संसद सदस्य ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्या दुरुस्तीमुळे वैद्यकीय सेवेचा कारभार मंडळांकडून काढून स्थानिक विमा समित्यांकडे देण्यात आला आणि डॉक्टर निवडीचे स्वातंत्र्य रुग्णाला मिळाले. तरीही ब्रिटिश वैद्यक संघटनेने बहिष्काराची हाक दिली. ऑक्टोबर १९१२ मध्ये लॉईड जॉर्ज यांनी विमेदारामागील वार्षिक मोबदला औषधांसह ९ शिलिंगांपर्यंत वाढवला. गरीब वस्त्यांतील डॉक्टरांना ही रक्कम पूर्वीच्या मिळकतीहून बरीच अधिक होती आणि बुडण्याची भीती नव्हती. जानेवारी १९१३ पर्यंत डॉक्टरांनी मोठ्या संख्येने पॅनेलवर नावे नोंदवली आणि बहिष्कार कोसळला. पुढे बहुसंख्य डॉक्टर या पद्धतीचे समर्थक झाले.

कायद्याचे परिणाम आणि मर्यादा

एक कोटीहून अधिक कामकरी लोक या विम्याखाली आले. ज्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी डॉक्टर गाठला नव्हता अशी माणसे पॅनेल डॉक्टरच्या दारात रांगा लावू लागली. विशेषतः कारखान्यांतील स्त्रियांच्या आजारपणाचे प्रमाण गणितज्ञांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. आजवर अंगावर काढलेली दुखणी आता कागदावर येत होती.

परंतु विमा व्यक्तीचा होता, कुटुंबाचा नव्हता. कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच घरातील पत्नीला आणि मुलांना मिळाला नाही. प्रसूतीची रक्कम सोडल्यास त्यांना काहीच नव्हते आणि ती रक्कमही आरंभी नवऱ्याच्या हाती पडे. स्त्रियांच्या सहकारी संघाने चळवळ केल्यावर १९१३ च्या दुरुस्तीने ती आईच्या मालकीची झाली. लग्नानंतर नोकरी सोडणाऱ्या स्त्रीचे विमासंरक्षण खंडित होई. रुग्णालयातील उपचार आणि शस्त्रक्रिया यांचाही समावेश नव्हता. आयर्लंडला वैद्यकीय सेवेचा भाग लागूच करण्यात आला नाही.

संस्थांमधील विषमता कालांतराने उघडी पडली. वर्गणी सर्वांची सारखी होती, पण सभासदांची प्रकृती सारखी नव्हती. ज्या संस्थेत कारकून आणि सुस्थितीतील नोकरदार होते तिच्याकडे शिल्लक उरे. त्यातून ती दातांचे उपचार, चष्मे असे जादा लाभ देई. खाणकामगारांच्या संस्थेकडे अशी शिल्लक क्वचितच उरे. म्हणजे चार पेनी दोघांचे सारखेच, पण चष्मा एकालाच. १९२४ ते १९२६ या काळातील शाही आयोगापुढे हा प्रश्न आला. आयोगाच्या अल्पमताच्या अहवालाने मान्यताप्राप्त संस्था बंद कराव्यात असे सुचवले. ते तेव्हा मानले गेले नाही.

विम्याची अंमलबजावणी सुरू असतानाच लॉईड जॉर्ज मार्कोनी प्रकरणात सापडले. ब्रिटिश मार्कोनी कंपनीशी सरकारचा करार होत असताना त्यांनी आणि महान्यायवादी रूफस आयझॅक्स यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे शेअर घेतले होते. संसदेने १९१३ मध्ये त्यांना दोषी ठरवले नाही, पण गरिबांच्या पैशाचा हिशेब पेनीत मांडणाऱ्या मंत्र्याला ही गोष्ट शोभली नाही. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग या नावाने भारताचे व्हाइसरॉय झाले.

युद्धकाळ आणि पंतप्रधानपद

मे १९१५ मध्ये लॉईड जॉर्ज युद्धसामग्री खात्याचे मंत्री झाले आणि तोफगोळ्यांचे उत्पादन त्यांनी झपाट्याने वाढवले. डिसेंबर १९१६ मध्ये ॲस्क्विथ यांना बाजूस सारून ते पंतप्रधान झाले; उदारमतवादी पक्षातील ही फूट पुढे कधीच पूर्णपणे सांधली गेली नाही. १९१८ मध्ये ते मँचेस्टरच्या भेटीत इन्फ्लुएन्झाच्या साथीने अंथरुणाला खिळले होते. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहाच्या वाटाघाटीत त्यांनी ब्रिटनचे नेतृत्व केले. त्याच वर्षी स्वतंत्र आरोग्य मंत्रालय स्थापन झाले आणि विमा विधेयकात मोलाची दुरुस्ती करणारे ॲडिसन त्याचे पहिले मंत्री झाले.

भारताच्या संदर्भात त्यांची कारकीर्द परस्परविरोधी दिसते. ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यू घोषणा आणि १९१९ चा भारत सरकार कायदा त्यांच्याच काळातला. जालियनवाला बागेचे हत्याकांडही त्याच काळातले. तुर्कस्तानविषयीच्या त्यांच्या धोरणाने भारतातील खिलाफत चळवळीला धार आली. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी भारतीय सनदी सेवेला राज्यरचनेची पोलादी चौकट संबोधून तिच्या वर्चस्वाची ग्वाही दिली, तेव्हा सुधारणांवर विश्वास ठेवणारे नेमस्तही दुखावले. आयर्लंडमध्ये ब्लॅक अँड टॅन्स या दलाच्या अत्याचारांना त्यांनी आवर घातला नाही. मात्र डिसेंबर १९२१ चा आयरिश करारही त्यांनीच घडवून आणला.

पैसे घेऊन किताब वाटल्याच्या आरोपांनी त्यांची प्रतिमा डागाळली आणि या प्रकारांना आळा घालणारा कायदा १९२५ मध्ये करावा लागला. ऑक्टोबर १९२२ मध्ये हुजूर पक्षाने आघाडी मोडली आणि लॉईड जॉर्ज पायउतार झाले. पुन्हा ते मंत्री झाले नाहीत.

उत्तरायुष्य

सत्तेबाहेरच्या काळात त्यांनी युद्धाच्या विस्तृत आठवणी लिहिल्या आणि बेकारी निवारणाच्या योजना मांडल्या. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेल्या महात्मा गांधींनी चर्ट येथील त्यांच्या घरी त्यांची भेट घेतली. १९३६ मध्ये ते हिटलरला भेटले आणि त्याची स्तुती करून परतले. ही त्यांच्या विवेकाची मोठी चूक होती.

१९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. मान्यताप्राप्त संस्थांची पद्धत मोडून सर्वांसाठी एकच विमा आणि सर्वांना वैद्यकीय सेवा, असे त्याचे सूत्र होते. अहवालाच्या अंमलबजावणीत युद्धकालीन सरकार टाळाटाळ करते आहे असे म्हणत मजूर पक्षाच्या सदस्यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये दुरुस्ती मांडली. ऐंशी वर्षांचे लॉईड जॉर्ज सभागृहात आले आणि त्यांनी सरकारच्या विरोधात, दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. ज्या संस्थांना आपण स्वतः कायद्यात जागा दिली, त्या मोडणाऱ्या अहवालाच्या बाजूने दिलेले हे मत त्यांचे संसदेतील अखेरचे मत ठरले.

मार्गारेट यांचे १९४१ मध्ये निधन झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी आपल्या दीर्घकालीन सचिव फ्रान्सिस स्टिव्हन्सन यांच्याशी विवाह केला. जानेवारी १९४५ मध्ये त्यांना अर्ल ही पदवी मिळाली. उमरावांच्या ज्या सभागृहाशी ते झुंजले तेथे बसण्याची वेळ मात्र आली नाही. २६ मार्च १९४५ रोजी लॅनिस्टमडवी येथे त्यांचे निधन झाले. गावच्या नदीकाठी, त्यांनी स्वतः पसंत केलेल्या जागी, त्यांना पुरण्यात आले.

पश्चात

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त संस्थांचे काम संपले. सेवा उभारणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हेही वेल्श होते आणि तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेले होते. आता डॉक्टरच्या यादीत नाव घालण्यासाठी नोकरी असणे आवश्यक उरले नाही. पत्नी आणि मुले यांचीही नोंदणी होऊ लागली. यादीतून आपला डॉक्टर निवडण्याची १९१३ ची रीत मात्र तशीच पुढे चालू राहिली.

भारतात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यावर अहवाल दिला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार व मालक यांची मजुरीशी निगडित वर्गणी, आजारपणातील भत्ता आणि उपचार हा सांगाडा त्यात ओळखू येतो. मात्र भारतीय कायद्याने विमेदाराला संस्था निवडायला लावली नाही. एकच महामंडळ स्थापन केले. मुंबईत पॅनेलवरील खासगी डॉक्टरांमार्फत विमेदार कामगारांना सेवा देण्याची पद्धत अवलंबण्यात आली, आणि गिरणी कामगारांच्या बोलण्यात पॅनेलचा डॉक्टर हा शब्द स्थिरावला.

ब्रिटनमधील दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी ज्या अरुंद जाड कागदी पाकिटांत ठेवल्या जात, ती संगणक येईपर्यंत, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, लॉईड जॉर्ज पाकिटे याच नावाने ओळखली गेली.